डावा कोपरा

माझ्या बाचा दम सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेला होता. खेळाडूचा दम नावाजला गेला तर त्यात नवल नाही, पण बा लग्न झाल्यापासून कधी मैदानात उतरला नव्हता. तो नावाजलेला होता तो बघणारा म्हणून. आमच्या गावात हुतुतू बघायची एक रीत होती. पुढे मी शिट्टी गळ्यात अडकवून सगळा महाराष्ट्र फिरलो, पण ती रीत मला दुसरीकडे कुठे दिसली नाही. चढाईचा गडी मधली रेघ ओलांडून 'हुतुतूतूतू' सुरू करायचा, तसे भोवतालचे सगळे बघे उजवा हात वर करायचे आणि त्याच्याबरोबर स्वतःचा दम धरायचे. ज्याचा दम सुटला त्यानं मुकाट हात खाली घ्यायचा. ज्याचा हात सगळ्यांत आधी पडे त्याची दुसऱ्या दिवसापर्यंत टर उडे आणि ज्याचा शेवटपर्यंत वर राही त्याचं खेळाबद्दलचं मत सगळे मान डोलावून ऐकत. शेवटी वर राहणारा हात बहुतेक माझ्या बाचाच असे. त्यामुळे कोणता गडी चांगला, कोणता नुसताच फुगलेला, कोणाला पुढे पाठवायचं, हे सगळं गावात बा ठरवत असे.

हा दम त्याला जिनमध्ये मिळाला होता. आमचं गाव आर्णीच्या अलीकडे. कापूस निघाला की बा आर्णीच्या जिनवर कामाला जाई. सरकी काढायच्या यंत्रांजवळ रुईचा असा धुरळा उडायचा, की तोंडाला फडकं बांधलं तरी नाकात जायचाच. बा सांगे, "तिथं श्वास घ्यायचा तं मोजून घ्यायचा, लेका. टोपली उचलली का दम धरायचा, दारात येऊन सोडायचा." संध्याकाळी तो घरी येई तेव्हा डोक्याचे केस, भुवया, मिशा सगळं पांढरं झालेलं असे आणि माय त्याला उंबऱ्याबाहेरच उभं करून जुन्या लुगड्याच्या चिंधीनं झटके. मग तो आत यायचा. चुलीवर आंबाडीची भाजी रटरटत असायची, माय भाकरी थापायची, त्या थापण्याचा आवाज आणि छपराच्या कवेलूंच्या फटीतून बाहेर जाणारा धूर, हे म्हणजे माझं घर. थंडीत तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून माय मोठ्या जर्मनच्या गंजात ओतायची आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती बसून सोलत खायचो. भिंतीतल्या कोनाड्यातले जुने देव दीक्षेनंतर बानं स्वतः नेऊन नदीत सोडले होते. तिथे आता बुद्धाचा फोटो होता आणि त्याच्यापुढे मायनं कुठून तरी आणलेली एक रंगीत काचेची बाटली होती, तीत ती रानफुलं ठेवायची.

दीक्षेच्या आधी गावच्या जत्रेत हुतुतू व्हायचा. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी मैदानाच्या पार खालच्या टोकाला आपापसात खेळायचं आणि वरच्या अंगाला कोणी बघायला जायचं नाही, असा शिरस्ता होता. दीक्षेनंतर आमच्या लोकांनी जत्रेला जाणंच सोडलं. मग बानं आणि मोहल्ल्यातल्या जवान पोरांनी नाल्याकाठची तरोट्यानं माजलेली जागा साफ केली, धोंडे वेचले, माती चोपली आणि आपलं मैदान केलं. पहिल्या वर्षी तिथे आमचेच लोक होते. दुसऱ्या वर्षी रहीमचाचानं आपला पानठेला तिथे आणून लावला, कारण त्याला हुतुतूवाचून चैन पडत नसे. तिसऱ्या वर्षी बघतो तर कास्तकारांची माणसं बैलबंड्या थांबवून कडेला उभी राहायला लागली होती. ज्यांनी कधी आमच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, ती माणसं माझ्या बाच्या शेजारी उभी राहून त्याच्याबरोबर हात वर करत आणि विचारत, "काय किसन, हा पोट्टा कसा वाटून राह्यला?" बा लगेच उत्तर देत नसे. थोडा वेळ घेई, खाकरे, मग बोले. त्या वेळचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. इतका सुखी चेहरा मी त्याचा एरवी कधी पाहिला नाही.

अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो, तेव्हा माझा दम लांब असणार हे ठरलेलंच होतं. नाल्याला पाणी असलं की बा मला डोहात डोकं बुडवायला लावायचा आणि स्वतः काठावर दम धरून बसायचा. माय वरून ओरडायची, "अवो, मारता का पोराले? एकच तं हाय!" बाला बोलता येत नसे, कारण दम धरलेला, म्हणून तो नुसता हात हलवून तिला गप्प करायचा. सोळाव्या वर्षी माझा दम बाच्या बरोबरीला आला आणि एका संध्याकाळी मी चढाईला गेलो असताना बाचा हातसुद्धा माझ्याआधी खाली पडला. मैदानात एकच गिल्ला झाला. रहीमचाचानं ठेल्यावरून खाली उडी मारली. "अरे किसन, तेरे पोट्ट्यानं तं तुलेच पाडलं!" त्या दिवसापासून मला नाव पडलं, 'हात पाडणारा'. मी चढाईला निघालो की कास्तकार बंड्या थांबवायचे. मी समोरच्यांच्या अंगणात संथपणे इकडून तिकडे, तिकडून इकडे 'हुतुतूतूतू' करत फिरायचो, एकेक हात खाली पडताना डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचो आणि शेवटचा हात पडला की डौलात परत यायचो. मी किती गडी मारले हे कोणी विचारत नसे. खरं सांगायचं तर एखाददुसरा चुकून हाताला लागला तर लागला.

आता मी म्हातारा झालोय आणि टीव्हीवर कबड्डी लागते. मी जन्मभर पोरांना कबड्डी शिकवली, पण टीव्हीपुढे बसलो की माझ्यातला बघ्याच जागा होतो. "अरे गाढवा, वळ ना!" असं मी ओरडतो. बायको आतून म्हणते, "तो ऐकून राह्यला का तुमचं? गोळी घ्या आधी." मागे एकदा तिनं मला सरळच विचारलं, "तुम्ही एवढे कोच होते, मंग दुसऱ्याच्या कोचले नावं कायले ठेवता?" तिचं बरोबर आहे. पण बघणाऱ्याला जे वाटतं ते आपल्या अंगावरून वाटतं. आमच्या गावाला दम कळत होता, कारण तो प्रत्येकानं आपल्या छातीत धरून पाहिलेला होता. त्यापलीकडचं काही आहे, हे मात्र कोणाच्या गावीही नव्हतं.

ते सांगायला भोयर सर आले. गावात नुकतंच हायस्कूल झालं होतं आणि त्याच्यावर अमरावतीकडून खेळाचं शिक्षण घेतलेले हे मास्तर नेमून आले. अंगानं सडपातळ, पांढरी अर्धी चड्डी, पायात कॅनव्हासचे बूट. मोठ्या माणसानं अर्धी चड्डी घालून गावातून हिंडावं याची बायकांना इतकी मौज वाटे, की ते दिसले की त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. एका संध्याकाळी ते नाल्याकाठी आले. मी चढाईला होतो. सगळे हात वर गेले. सरांना ही काय भानगड आहे ते कळेना, ते एकटेच हात खाली ठेवून उभे. त्यांची नजर माझ्या पायांवर होती. मी सगळे हात पाडून परत आलो, गिल्ला झाला, आणि सर जवळ येऊन शांतपणे म्हणाले, "छान. कितींना हात लावलास?"

मी बाकडे पाहिलं. बानं रहीमचाचाकडे पाहिलं. चाचा म्हणाला, "साहब, दम देखो ना, दम! असा दम यवतमाळ जिल्ह्यात नाही."

"दम आहेच," सर म्हणाले. "पण दमाचे गुण कोणी देत नाही, चाचा."

त्यावर लोक हसले, कारण त्यांना वाटलं मास्तरला खेळातलं काही कळत नाही. बा तर पोटभर हसला. घरी येऊन त्यानं मायला सांगितलं, "नवा मास्तर आला हाय. चड्डी घालते अन् पाय पाह्यते."

दिवाळीनंतर आर्णीला तालुक्यातल्या शाळांचे सामने होणार होते. तिथे जिल्ह्याच्या संघासाठी पोरं बघणारी माणसं येणार होती आणि त्यांनी निवडलेल्या पोरांना यवतमाळात ठेवून घेऊन पुढचं शिकवणार होते, राहण्याजेवणासकट. सरांनी हे वर्गात सांगितलं तेव्हापासून माझी झोप उडाली होती. मला यवतमाळला जायचं होतं. मॅट्रिक झालो की बाच्या मागे जिनवर जायचं हे ठरल्यासारखंच होतं. मला ती रुई नको होती, भुवया पांढऱ्या करून उंबऱ्याबाहेर उभं राहायचं नव्हतं. आणि त्यासाठी माझ्याजवळ दमाखेरीज काही नव्हतं.

सरांनी संघ निवडला. चढाईला त्यांनी तांड्यावरच्या हिरामणला घेतलं. हिरामण माझ्या वर्गातला, चुणचुणीत, पायानं हरणासारखा, पण दम म्हणाल तर दोन ओळी वाचल्या की धापा टाकणारा. नाल्याकाठी तो उतरला की लोक हात वर करायचेही कष्ट घेत नसत. आणि मला सरांनी नेऊन उभं केलं डाव्या कोपऱ्यात. "इथून हलायचं नाही. समोरचा आला, की घोटा बघायचा. तोंड बघायचं नाही, छाती बघायची नाही. घोटा." मी तिथे उभा राहिलो. हिरामण गेला, दोघांना शिवून मी श्वास घ्यायच्या आत परत आला. मी घरी काही बोललो नाही, पण गावात अशी गोष्ट सांगावी लागत नाही. मी घरी पोचायच्या आत ती जिनवर पोचली होती.

त्या संध्याकाळी बा आला तो झटकून घ्यायला थांबला नाही, तसाच पांढऱ्या केसांनी आत येऊन बसला. मायनं ताट वाढलं. भाकर, झुणका, वर जवसाच्या तेलाची धार. त्यानं हात लावला नाही.

"तुले कोपऱ्यात उभं केलं म्हनते, खरं हाय?"

"हो, बा."

"अन् चढाईले कोन?"

"हिरामण."

बानं ताट दूर सारलं. मायनं सावधपणे म्हटलं, "जेवा ना आधी. खेळच तं हाय."

"खेळ नाही थो," बा म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. "मी चवथीपोतर शाळेत गेलतो. वर्गात नाही बसलो. दाराबाहेर, कोपऱ्यात. मास्तर फळ्यावर काय लिहून राह्यला थे मान लांब करून पाह्यलं. पाटी दुरून टाकली मास्तरनं, हातात नाही देल्ली. आता देव सोडले, मेलेली ढोरं ओढनं सोडलं, सगळं सोडलं. कायले सोडलं? हा शिकलेला मानूस येते अन् माह्या पोराले पुन्हा कोपऱ्यात उभं करते, सगळ्या गावापुढं. उद्यापासून तू त्या मैदानावर पाय ठेवायचा नाही. जिनवर ये माह्यासंगं."

मला रडू कोसळलं. सर तसे नाहीत असं मला म्हणायचं होतं, पण ते तसे नाहीतच हे मला तरी कुठे ठाऊक होतं? मीही प्राथमिक शाळेत दाराशी बसलेला होतो. सरांनी मला दंडाला धरून त्या कोपऱ्यात नेलं होतं, तेव्हा मलाही ते दारच आठवलं होतं. मायनं बाचं ताट उचललं नाही, तसंच झाकून ठेवलं. ती एवढंच म्हणाली, "पोराले घरात कोंडाच्या आधी त्या मास्तरले जाऊन इचारा तरी. तुमाले त्याची भीती नाही ना?" मायला बा पुरता ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी जिनला सुटी होती आणि दुपार टळल्यावर बा शाळेच्या मैदानाकडे निघाला. मागे मी, माझ्या मागे रहीमचाचा आणि त्याच्या मागे नाल्याकाठचा सगळा गोतावळा.

मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा ओढलेल्या होत्या. सर पोरांना पळवत होते. बा सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मास्तर, माह्या पोराले कोपऱ्यात काहून उभं केलं?"

सरांना आधी रागच आला. "हे बघा, संघ कसा निवडायचा ते मी ठरवणार. बघणाऱ्यांनी बघावं."

"आमी कोपऱ्यातून लय वर्सं पाह्यलं, मास्तर. वर्गाच्या बाहेरून. माह्या बापानं पाह्यलं, मी पाह्यलं, यानंबी पाह्यलं. आता बस झालं."

सरांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी बाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फक्कीच्या त्या रेघेकडे, जणू आपण काय ओढलं ते त्यांना आत्ता दिसत होतं. शिट्टी त्यांनी गळ्यातून काढून खिशात टाकली. "किसनराव," ते म्हणाले, आणि बाच्या नावापुढे राव लागलेला मी पहिल्यांदा ऐकला, "हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला पाहिजे होतं. माझं चुकलं." मग त्यांनी डावा पंजा पुढे केला. करंगळी वाकडी होती. "मी डाव्या कोपऱ्यातच खेळलो. हे तिथंच मोडलं. चढाई करणाऱ्याच्या उजव्या हाताला डावा कोपरा येतो. सगळा मारा तिथं असतो. तो गडी ढिला पडला की संघ संपला. तुमचा पोरगा चढाईत कोणाला हात लावत नाही, कारण त्याला घाईच नाही. मला कोपऱ्यात असाच गडी पाहिजे, घाई नसलेला. असा दुसरा माझ्याजवळ नाही."

गोतावळ्यातून कोणी तरी म्हणालं, "बोलाले काय जाते!"

"बरोबर आहे," सर म्हणाले. "मग किसनराव, तुम्हीच चढाई करा. तुमचा पोरगा सोडला तर गावात तुमच्याएवढा दम कोणाचा नाही म्हणतात. तुमच्या पोराच्या कोपऱ्याला हात लावून परत आलात, तर तो आजपासून चढाईचा गडी. मी हिरामणला बसवतो."

बानं सदरा काढून रहीमचाचाच्या हातात दिला. धोतर वर खोचलं. त्याची छाती बघून शाळेतली पोरं कुजबुजायला लागली. मी डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. तो परत गेला तर सगळं त्याच्या आणि माझ्या मनासारखं होणार होतं, मी पुन्हा हात पाडणारा होणार होतो. मी धरला, तर ज्या माणसांपुढे तो इतकी वर्षं मान ताठ करून उभा होता त्यांच्यापुढे मीच त्याला मातीत घालणार होतो. पण मला यवतमाळही दिसत होतं. आणि काल मी हिरामणच्या पायांकडे नीट पाहिलं होतं. माझी ती संथ चढाई आर्णीत एका दमातच संपणार, हे मला कळून चुकलं होतं.

"हुतुतूतूतूतू..." बा आला. काय तो आवाज! भरदार, एकसारखा, कुठे कापरा नाही. सगळे हात वर गेले. तो समोरच्या पोरांना हुलकावण्या देत सरळ माझ्याकडेच आला. त्याला दुसऱ्या कोणाला शिवायचंच नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि धीर खचला. मग सरांचं बोलणं आठवून खाली पाहिलं. भेगाळलेली टाच, तिच्यावर घोटा, घोट्याभोवती चिकटलेले रुईचे दोन तंतू. त्यानं माझ्या खांद्यावर हात मारायला पाय टाकला आणि मी तो घोटा दोन्ही हातांनी धरला.

तो पडला. पडला तरी आवाज थांबला नाही. पालथा पडून, दोन्ही कोपरं मातीत रोवून तो मधल्या रेघेकडे सरकायला लागला आणि मला ओढत नेऊ लागला. बाकीच्या पोरांनी मदतीला यावं, पण गावच्या किसनला धरायची कोणाची छाती होईना. मी एकटाच लोंबकळत होतो. बाच्या तोंडात माती जात होती, तरी 'हुतुतूतूतू' चालूच. वरचे हात एकेक करून पडले. रहीमचाचाचा पडला, सदऱ्यासकट. मग सगळे नुसतेच श्वास टाकत बघत राहिले. बाचा हात रेघेपासून वीतभर राहिला. मी डोळे मिटून घेतले आणि घोटा छातीशी कवटाळला. मला हे सगळं थांबावं असं वाटत होतं आणि तरी हात सुटत नव्हते. शेवटी तो आवाज बारीक झाला, कापला आणि तुटला.

बा तसाच मातीवर पडून धापा टाकत होता. मग मान वळवून म्हणाला, "सोड आता. मेलो ना मी." मी सोडलं. तो उठून बसला, तोंडातली माती थुंकला, घोटा चोळला. त्याच्यावर माझ्या बोटांचे लाल वळ उठले होते. ते त्यानं बराच वेळ निरखून पाहिले आणि सरांना विचारलं, "हा असा किती येळ धरू शकते, सर?" मास्तर म्हणायचा बा, पहिल्यांदा सर म्हणाला. सर म्हणाले, "तेच मला बघायचं होतं. तुमच्यापुढे दुसरा कोणता दम मी आणणार होतो?" बा हसला. त्याच्या मिशा मातीनं भरल्या होत्या आणि तो हसत होता, हे बघून माझ्या डोळ्यांना धार लागली.

आठवड्याच्या आत गावातले सगळे लोक कोपऱ्यातले जाणकार झाले. पूर्वी कधीच कोपऱ्याकडे न बघणारी माणसं रहीमचाचाच्या ठेल्यावर उजवा कोपरा आणि डावा कोपरा यांतला भेद समजावून सांगायला लागली. हात वर करायची रीत मागे पडली. आता ते शेजारच्याचं मनगट धरायचे आणि 'सोडवून दाखव' म्हणायचे. बा तर मैदानावर येऊन सरांनाच सांगे, "सर, थो उजव्या कोपऱ्यातला पोट्टा उंच हाय, त्याले खाली वाकता येत नाही. बदला त्याले." सर ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि पोरगा बदलायचे नाहीत. एक गोष्ट मात्र त्यांनी बाकडून घेतली. दम संपत आला की आवाज आधी कसा पातळ होतो, हे बानं त्यांना कान देऊन ऐकायला शिकवलं आणि सरांनी ते आम्हाला शिकवलं. आर्णीत पहिल्या सामन्यात त्याचा उपयोग झाला. दुसऱ्या सामन्यात समोरच्या पोरानं मुद्दाम आवाज पातळ केला, आम्ही तिघे धावून गेलो आणि त्यानं तिघांनाही मारलं. पुढे मीही पोरांना आवाज ऐकायला शिकवलं आणि त्यावर विसंबायचं नाही, हेही शिकवलं.

उपांत्य सामना आम्ही हरलो. पण त्यात शेवटी शेवटी समोरच्या संघाचा सगळ्यांत नावाजलेला चढाईचा गडी माझ्या कोपऱ्यावर आला, तेव्हा मी त्याला असा धरला, की तो दाणकन मातीवर आडवा झाला आणि सगळं मैदान ओरडलं. मी बाकडे पाहिलं. बा माझ्याकडे पाठ करून उभा होता. त्याच्या मागे उभा असलेला कोणी फुलसावंगीकडचा माणूस मघापासून ओरडत होता, "त्या कोपऱ्यातल्याले बाहेर काढा, नुसता उभा राहून राह्यला!" आणि बा बोट नाचवत त्याला सांगत होता, "तुमाले काय समजते हो? डावा कोपरा काय असते माहीत हाय का? तिथं सगळ्यात भरवशाचा मानूस असते! माहा पोरगा हाय थो!" त्या भांडणात माझी पकड त्याला दिसलीच नाही.

संध्याकाळी निवडीची नावं सांगितली. त्यांत हिरामण होता आणि मीही होतो. सर आनंदानं बाकडे आले. "पाठवता ना याला यवतमाळला?" बा नुसता "पाहू" म्हणाला. मायला एकच पोर होतं, जिनचा हंगाम भरात होता, घरात आणखी एक कमावता हात येणार म्हणून बानं काही ठरवून ठेवलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. आम्ही गावाकडे पायी निघालो. पुढे बा, मागे मी आणि रहीमचाचा. दोन्हीकडे कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया ओट्या बांधून घरी परतत होत्या. मी त्याच्या पाठीकडे बघत चालत होतो आणि मनातल्या मनात जिनवर जायची तयारी करत होतो.

नाला जवळ आला तेव्हा बा थांबला. मागे वळला. "त्या मानसासंगं भांडता भांडता माहं लक्षच गेलं," तो चिडून म्हणाला. "सगळं मैदान वरडलं अन् मलेच दिसलं नाही. कसा धरला रे त्याले?"

मी सांगायला लागलो, की तो उजव्या पायावर आला, मी आधी मागे सरकलो आणि मग...

"बोलून नको सांगू," बा म्हणाला. त्यानं सदरा काढून रहीमचाचाच्या खांद्यावर टाकला, धोतर वर खोचलं आणि वाटेच्या मधोमध उजवा पाय माझ्यापुढे टाकला.

"धर. तू यवतमाळले गेल्यावर मले कोन दाखवनार हाय?"